‘बीबॉप’ नाहीये ते. बरं मग?

आज सकाळी डोळे उघडायच्या आत एक व्हिडिओ समोर आला. ‘लॅझरस’ या जपानी अ‍ॅनिमे मालिकेवर. थंबनेलवर तिचे दिग्दर्शक शिनइचिरो वातानाबे यांचा फोटो, त्यावर लाल फुली आणि बाजूला कपाळावर हात मारून घेतलेला एक मुलगा. मुलगा गोड आहे, बोलतोही छान. पण सुरुवातीलाच त्याने वातानाबेंच्याच १९९८ च्या ‘काऊबॉय बीबॉप’ या मालिकेचं नाव इतक्या वेळा घेतलं की व्हिडिओ नक्की कशावर आहे हेच मला कळेना. शेवटी निकाल: दहापैकी पाच. कारण? बीबॉपसारखं वाटलं नाही.

डोकं फिरलं. म्हणून लिहितेय. लांबलचक होणार आहे, वेळ नसेल त्यांनी खुशाल पुढे जा.

ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी आधी थोडं. १३ भागांची मालिका, स्टुडिओ माप्पा, अमेरिकेत अ‍ॅडल्ट स्विम या वाहिनीवर एप्रिल २०२५ मध्ये सुरू झाली आणि जूनअखेर संपली. गोष्ट २०५२ सालातली. डॉ. स्किनर नावाच्या मेंदूशास्त्रज्ञाने ‘हाप्ना’ नावाचं वेदनाशामक शोधलंय. साइड इफेक्ट शून्य. अख्खं जग ते घ्यायला लागतं. मग हा गृहस्थ गायब होतो आणि तीन वर्षांनी उगवून सांगतो की ज्यांनी ज्यांनी हाप्ना घेतलंय ते सगळे मरणार, सुरुवात तीस दिवसांनी, उतारा फक्त माझ्याकडे आहे, शोधा मला. त्याला शोधायला पाच जणांची टीम जमवतात, तिचं नाव लॅझरस. त्यातला अ‍ॅक्सेल ८८८ वर्षांची शिक्षा झालेला, तुरुंगातून पळणं हाच ज्याचा छंद, असा इसम.

आता परीक्षणांचा एकूण सूर बघा. दिसायला देखणी, संगीत अव्वल, हाणामारी फर्मास. पण पात्रं वरवरची, कथा विस्कळीत, जग बुडायला आलंय तरी कुणाला घाई दिसत नाही. आणि मग ते शेवटचं वाक्य, जे जणू सगळ्यांनी एकाच वहीतून उतरवून घेतलंय: वातानाबेंची जुनी जादू राहिली नाही.

जुनी जादू! माणूस १९६५ चा जन्मलेला. मालिका चालू असतानाच साठ पूर्ण झाली त्यांना. एवढ्या वर्षांत त्यांनी ‘सामुराई चाम्प्लू’ केलं, ‘किड्स ऑन द स्लोप’ केलं, ‘टेरर इन रेझोनन्स’ केलं, ‘स्पेस डँडी’सारखा वेडेपणा केला, ‘कॅरोल अँड ट्यूसडे’ केलं. एकाचं दुसऱ्याशी तोंड मिळत नाही. पण कुठलंही काम आलं की तुम्ही त्याला १९९८ च्याच चौकटीत उभं करून मापं घेणार. दमत कसे नाही तुम्ही लोक?

आत्याचं सांगते. त्याशिवाय मला काय म्हणायचंय ते कळणार नाही.

आत्या सध्या आमच्याकडे आहे. तिला नागीण झाली होती. फोड कधीच सुकले, डागही पुसट झाले, आग मात्र राहिली. ज्यांनी हे घरात पाहिलंय त्यांना वेगळं सांगायला नको. डाव्या बरगडीखालून पाठीपर्यंत एक पट्टा आहे, तिथे गाऊनचं कापड नुसतं टेकलं तरी तिला सहन होत नाही. म्हणून बसली की ती चिमटीत कापड धरून अंगापासून लांब ठेवते. फोनवर बोलताना, पेपर वाचताना, टीव्ही बघताना. चिमूट सुटत नाही. डुलकी लागली की हात खाली येतो, कापड टेकतं, आणि ती दचकून जागी होते.

मी पहिला भाग लावला तेव्हा ती शेजारीच बसली होती. तिला अ‍ॅनिमेत काडीचा रस नाही. (“हे सगळे इतके लुकडे का असतात गं?” ही तिची आजवरची एकमेव समीक्षा.) स्किनरची घोषणा झाली, तिने विचारलं काय म्हणतोय हा. मी सांगितलं, आत्या, एक गोळी आहे, घेतली की दुखणं बंद, पण तीन वर्षांनी माणूस मरतो.

“पूर्ण बंद?”

हो.

“आणि तीन वर्षं पूर्ण मिळतात?”

म्हटलं, हो गं.

तिने चिमूट या हातातून त्या हातात घेतली आणि म्हणाली, “मग एवढी रडारड कसली चाललीय त्यांची?”

आता सांगा मला, “जगाला घाई दिसत नाही” हा आक्षेप घेणाऱ्या किती जणांनी हा विचार केला? सगळ्यांना टिकटिकणारा बॉम्ब हवा होता. रस्त्यावर दंगली, रडणारी पोरं, कोपऱ्यात उलटं मोजणारं घड्याळ. मालिकेत लोक क्लबात नाचतात, पैसे लावतात, धंदे करतात, म्हणून म्हणे लेखन कच्चं. अहो, मरण महिन्यावर आलंय हे कळल्यावर माणसं नाचणार नाहीत तर काय फायली लावत बसतील? आणि ज्यांनी ती गोळी घेतली त्यांनी ती मजा म्हणून घेतली नव्हती. त्यांना दुखत होतं. या मालिकेचा अख्खा पाया तिथे आहे, आणि मी वाचलेल्या परीक्षणांत दुखणं या गोष्टीवर एक धड परिच्छेद नाही. पार्कोरवर, म्हणजे भिंती-गच्च्यांवरून उड्या मारत पळण्यावर, चार-चार परिच्छेद आहेत.

अमेरिकेत काय झालं ते आठवा जरा. ऑक्सिकॉन्टिन हे अफूवर्गातलं वेदनाशामक १९९६ मध्ये बाजारात आलं. व्यसन लागायची शक्यता एक टक्क्याहूनही कमी, असं डॉक्टरांना पटवून पटवून विकलं. पाठदुखीला द्या, गुडघेदुखीला द्या. त्यातून जी साथ पसरली ती पुढे हेरॉइनकडे गेली, मग फेंटानिलकडे, आणि २०२१ या एका वर्षात तिथे ओव्हरडोसने लाखाच्या वर माणसं गेली. हे माहीत असलेल्या माणसाला हाप्ना ही कल्पना हवेतली वाटेल का? मालिका लागते अमेरिकन वाहिनीवर, विषय त्यांच्या घरातला, आणि तिथलीच परीक्षणं म्हणतात की खलनायकाचा हेतू नीट कळत नाही. घ्या!

बरं. आता तुम्ही म्हणाल की हेतू खरंच नीट कळत नाही. ठीक आहे. शेवटी स्किनरच्या तोंडी जे काही येतं ते भाषणासारखं होतं, मान्य. शेवट फोडत नाही, पण तेराव्या भागात घाई झालीय, तेही मान्य. पुढे.

पात्रं वरवरची, हा दुसरा आक्षेप. याचा मला सगळ्यात जास्त राग येतो, कारण हा आक्षेप घेताना लोक साधी बेरीज-वजाबाकी करत नाहीत. बीबॉपचे भाग २६. लॅझरसचे १३. बीबॉपच्या टीममधले स्पाइक आणि जेट पहिल्यापासून आहेत, पण फे येते तिसऱ्या भागात. एड टीममध्ये सामील होते नवव्या भागात. म्हणजे तेराव्या भागाला बीबॉप बंद पडली असती, तर एडला आपण धड ओळखतही नसतो आणि जेटची निम्मी गोष्ट आपल्याला कळलीच नसती. तुम्ही ज्या स्पाइकवर जीव टाकता, तो तुम्हाला दहा तास मिळाला होता. अ‍ॅक्सेल, डग, क्रिस्टीन, लीलंड, एलेना आणि त्यांच्यावर ती हर्श, एवढ्या सगळ्यांना मिळून पाच तास मिळालेत. त्यातही दर भागात स्किनरचा नवा माग काढायचा, नवी जागा, नवी मारामारी. मग दर भागात दहा मिनिटं डगच्या बालपणाला कुठून आणायची?

आणि दुसरं म्हणजे, बीबॉप आली तेव्हा तिची काय आरती ओवाळली होती का जपानने? १९९८ मध्ये टीव्ही टोकियोने अर्धीसुद्धा धड दाखवली नाही. बारा भाग आणि शेवटी एक जोडतोड केलेला भाग, की संपलं. पूर्ण मालिका लोकांना बघायला मिळाली ती नंतर, वाओवाओ या पैसे भरून बघायच्या वाहिनीवर. त्याआधीची गंमत तर वेगळीच. सुरुवातीला पैसा खेळण्यांच्या धंद्यातून येत होता. अंतराळयानं दाखवा म्हणजे आम्हाला त्यांची खेळणी विकता येतील, बाकी काय करायचं ते करा, अशी बोली. मग त्यांनी प्रत्यक्षात काय बनतंय ते पाहिलं आणि हात वर केले. सिगारेटी फुंकणारे, खिसा कायम रिकामा असलेले, भूतकाळाने पोळलेले लोक. कुठल्या पोराला त्याचं खेळणं हवंय!

मग २००१ च्या सप्टेंबरात अमेरिकेत अ‍ॅडल्ट स्विम सुरू झालं आणि पहिल्याच रात्री त्यांनी बीबॉप लावली. तिथून ती दंतकथा झाली. म्हणजे आज जे लोक छातीवर हात ठेवून बीबॉपच्या शपथा घेतात, त्यातल्या बहुतेकांना ती आधीच अभिजात ठरवून मिळालेली आहे. रांगेत उभं न राहता प्रसाद हातात. आणि हेच लोक लॅझरसला भाग दोननंतर “बघू, अजून पकड घेत नाहीये” म्हणून सोडून देतात.

(प्रत्येक पडलेली गोष्ट पुढे अभिजात ठरते असं नाही, कळतं मला. ‘ब्लेड रनर’चं उदाहरण लगेच तोंडावर फेकू नका, १९८२ मध्ये त्यालाही संमिश्रच म्हणाले होते वगैरे. दहातल्या नऊ पडलेल्या गोष्टी पडण्याच्याच लायकीच्या असतात.)

मला स्वतःला मधले काही भाग आवडले नाहीत, हे सांगून टाकते. तोच साचा होतो. सुगावा लागतो, टीम जाते, राडा होतो, स्किनर हुकतो. एका मर्यादेनंतर वाटतं की अरे, एवढं मोठं जग हातात आहे, बॅबिलोनिया सिटी नावाचं आख्खं शहर उभं केलंय, जरा थांबा, कुणाच्या तरी घरात शिरा. ज्याने हाप्ना घेतलं अशा एखाद्या साध्या माणसाबरोबर एक पूर्ण भाग काढा. भागांच्या तोंडाशी पात्रांची छोटी स्वगतं येतात, हाप्ना आलं तेव्हा काय वाटलं, कुणी का घेतलं, याबद्दलची. ती मला मालिकेतली सगळ्यात चांगली गोष्ट वाटते आणि ती मिनिटभरात आटपतात. तिथे थांबायला हवं होतं. हे मी म्हणू शकते, कारण मी मालिकेला तिच्याच अटींवर विचारतेय. तुम्ही तिला विचारताय की तू तुझ्या थोरल्या बहिणीसारखी का नाहीस.

आत्या पुढचे भाग अर्धवट बघत राहिली. म्हणजे बसायची नाही. खोलीतून जाता-येता दारात थांबायची, एका हाताने चौकट धरून, दुसऱ्या हाताची चिमूट चालूच, आणि विचारायची, “सापडला का गं तो डॉक्टर?” मी म्हणायचे, नाही अजून. “बरं,” म्हणून जायची. एकदा मात्र परत वळली आणि म्हणाली, “ती गोळी अजून विकतायत का ते?”

मी गप्प. कारण प्रश्न बरोबर होता. मरण ठरलेलं आहे हे कळल्यावरसुद्धा ती गोळी कुणी मागितली असेल का? आत्याला उत्तर माहीत आहे. मलाही माहीत आहे, आणि ते लिहायला मला जमत नाहीये. मालिका त्या प्रश्नाला जेवढा वेळ द्यायला हवा होता तेवढा देत नाही, हा माझा तिच्यावरचा खरा राग. आणि हा राग मला एकाही परीक्षणात भेटला नाही.

असो. जरा शांत झालेय, तर चांगलंही बोलते.

मारामारी. चॅड स्टाहेल्स्की, म्हणजे ‘जॉन विक’वाला दिग्दर्शक, त्याने अ‍ॅक्शनची आखणी केलीय. लोक म्हणतात की हा नुसता नावाचा वापर. पहिल्या भागातली तुरुंगातून सुटका पुन्हा बघा, आवाज बंद करून बघा. अ‍ॅक्सेल भिंतीवरून उडी मारतो तेव्हा त्याला वजन आहे. तो खाली येतो तेव्हा कुठेतरी टेकतो, तोल सावरतो, त्या सावरण्यातूनच पुढची उडी निघते. हल्लीच्या कितीतरी अ‍ॅक्शन अ‍ॅनिमेत माणसं लढत नाहीत, ठिणग्या लढतात. स्क्रीनभर रंग आणि किंचाळ्या. इथे एक माणूस दुसऱ्या माणसाला कोपराने मारतो आणि तुम्हाला कळतं की कोपर होतं. “शैली आहे, आशय नाही” म्हणणाऱ्यांना मला विचारायचंय की दुखण्यावरच्या मालिकेत शरीर खरं वाटणं हा आशय नाही तर काय आहे?

आणि संगीत! कमासी वॉशिंग्टन, बोनोबो, फ्लोटिंग पॉइंट्स. तिघं तीन दिशांचे. सुरुवातीचं ‘व्हॉर्टेक्स’ कमासीचं, सॅक्सोफोन असा काही अंगावर येतो की मी एकदाही ते पुढे ढकललेलं नाही. शेवटी ‘द बू रॅडलीज’ या ब्रिटिश बँडचं नव्वदच्या दशकातलं ‘लॅझरस’ नावाचंच गाणं. एवढं करूनही “योको कान्नो (बीबॉपची संगीतकार) हवी होती” अशी रड आहेच. हो, मलाही योको कान्नो आवडते. तिचं कुणाला वाईट लागतं! पण ‘चाम्प्लू’ला वातानाबेंनी नुजाबेस या जपानी संगीतकाराकडे जाऊन हिपहॉप आणलं, तेव्हाही “हे काय, जॅझ कुठंय” म्हणणारे होतेच. आज तेच लोक नुजाबेसच्या बीट्स लावून रात्री अभ्यास करतात.

तर मग चूक कुणाची? इथे मला पुन्हा तापायला होतंय.

विकणाऱ्यांची. प्रत्येक जाहिरातीत काय होतं? बीबॉपचे दिग्दर्शक. जॉन विकचा माणूस. माप्पा. नावं, नावं, नावं. गोष्ट कशाबद्दल आहे हे शेवटच्या ओळीत. तुम्ही लोकांना दारातच सांगितलंत की आत तुमचं कॉलेजचं वय मिळणार आहे, मग आत ते मिळालं नाही म्हणून त्यांनी आरडाओरडा केला तर त्यांना किती दोष द्यायचा? थोडा द्यायचा. पण थोडाच. नेटफ्लिक्सने २०२१ मध्ये त्याच आठवणींवर खरी माणसं घेऊन बीबॉप केली होती आणि महिन्याच्या आत गुंडाळली. त्यातून कुणी काही शिकलं? आठवण विकायला काढली की गिऱ्हाईक येतं, फक्त ते रागावूनच परत जातं.

परीक्षकांचंही पोट आहे, तेही समजतं. मालिका सुरू होतानाच लिहायचं असतं, हातात पहिले काही भाग, आणि शीर्षकात बीबॉप घातलं नाही तर कुणी उघडत नाही. पण मग तेरा भाग संपल्यावर परत येऊन किती जणांनी लिहिलं? पहिल्या भागांवर मारलेला शिक्का तसाच राहतो. लोक तो शिक्का बघून ठरवतात. आमच्या ग्रुपमधल्याच एकाने परवा लिहिलं, “ऐकलंय की काही खास नाही, वेळ घालवू नका.” ऐकलंय! अरे बाबा, तू स्वतः गेल्या वर्षभरात काय काय बघत वेळ घालवलास त्याची यादी इथे टाकू का? नाव घेत नाही. ज्याचं त्याला कळलंय.

एवढं लिहीपर्यंत वर दोन मेसेज आले. एक, “दुसरा सीझन यायला हवा का?” नाही. अजिबात नको. गोष्ट जिथे संपायची तिथे संपली, ताणू नये. दुसरा, “डब की सबटायटल?” मी दोन्ही थोडं थोडं पाहिलं. इंग्रजी डब चांगला आहे, शहराला शोभतो. अर्थात जपानीत बघणाऱ्यांनी आता इथे भांडायला येऊ नये, मी आज आधीच भरपूर भांडलेय.

मला एवढंच हवंय की पुढच्या खेपेला वातानाबेंना २६ भाग द्या, मधे नाक खुपसू नका, आणि पोस्टरवरून जुन्या मालिकेचं नाव काढा. आत्याला तेराव्या भागात डॉक्टर सापडतो की नाही ते मी सांगितलेलं नाहीये. ज्यांनी पाहिलंय त्यांनी खाली कमेंटमध्ये फोडू नका, ती माझ्या फोनवरून सगळं वाचते.